पायरीपाशी परतणारा रुग्ण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



धर्मादाय दवाखान्याच्या वार्षिक अहवालात एक आकडा हमखास असतो. वर्षभरात इतक्या रुग्णांची तपासणी झाली, इतक्यांना औषधे दिली, इतक्या शस्त्रक्रिया सवलतीच्या दरात पार पडल्या. हा आकडा अभिमानाने वाचला जातो आणि तो अभिमान अनाठायी नसतो. परंतु त्याच्याशेजारी दुसरा एक आकडा कधीच छापलेला आढळत नाही. जे दारापर्यंत आले आणि परत गेले, त्यांचा तो आकडा. आणि परतावेच लागेल हे ठाऊक असल्यामुळे जे घरातून निघालेच नाहीत, त्यांचाही. दवाखान्याची नोंदवही केस पेपरच्या खिडकीपासून सुरू होते आणि ती खिडकी बहुधा पाच पायऱ्यांवर असते. त्या पाच पायऱ्यांच्या खाली काय घडते, याची नोंद ठेवणारा कारकून कोणत्याही संस्थेने अद्याप नेमलेला नाही.

या पायऱ्या कोणी दुष्ट हेतूने बांधलेल्या नसतात. महाराष्ट्रात जोते उंच ठेवण्याची रीत जुनी आहे आणि शहाणपणाचीही आहे. पावसाळ्यात अंगणातले पाणी घरात शिरू नये, विंचूकाट्यांचा उपद्रव कमी व्हावा, ओल चढू नये, अशी त्यामागची कारणे. तीच रीत देवळाने घेतली, शाळेने घेतली आणि दवाखान्यानेही घेतली. फरक एवढाच की, देवळात जाणारा माणूस पाय धड असताना जातो. दवाखान्यात जाणाऱ्याचे पाय धड असतीलच असे नाही. नेमक्या ज्या वास्तूत येणारा प्रत्येक जण कसल्या ना कसल्या व्याधीने ग्रस्त असणार, तीच वास्तू पूर्ण धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून आखली जावी, ही विसंगती इतक्या सवयीची झाली आहे की ती कोणाला खटकत नाही.

ही विसंगती दूर करणाऱ्या विचारास इंग्रजीत युनिव्हर्सल डिझाइन असे नाव आहे. मराठीत त्यास ‘सर्वसुलभ रचना’ म्हणता येईल. या संज्ञेचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते, ते रोनाल्ड मेस हे अमेरिकन वास्तुविशारद. त्यांचा जन्म १९४१ सालचा. वयाच्या नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पुढे आयुष्यभर चाकाची खुर्ची त्यांच्या सोबतीला राहिली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकत असताना त्यांना जिन्यांवरून उचलून न्यावे लागे. स्वच्छतागृहाच्या दारातून त्यांची खुर्ची आत जात नसे. इमारती कशा बांधाव्यात हे शिकवणाऱ्या संस्थेची स्वतःची इमारतच त्यांना रोज अडवीत होती. १९६६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने १९८९ मध्ये त्याच विद्यापीठात या विषयाचे केंद्र उभारले, आणि १९९७ मध्ये त्या केंद्रातून सर्वसुलभ रचनेची सात तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मेस यांचे निधन झाले.

सात तत्त्वांची जंत्री येथे देण्याचे कारण नाही. त्यांचा गाभा एका वाक्यात मावतो: वस्तू आणि वास्तू अशा असाव्यात की सर्व वयांच्या व सर्व क्षमतांच्या माणसांना त्या, होईल तितक्या प्रमाणात, वेगळ्या फेरफाराशिवाय वापरता याव्यात. यात ‘वेगळ्या फेरफाराशिवाय’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढच्या भव्य दरवाजाला पायऱ्या ठेवायच्या आणि दिव्यांगांसाठी मागच्या बाजूने, स्वयंपाकघर आणि कचराकुंडी यांच्यामधून, कुलूप लावलेले एक दार ठेवायचे, ही सोय झाली. सर्वसुलभ रचना नव्हे. सगळ्यांनी एकाच दारातून आत जावे, हे तिचे म्हणणे आहे. ज्याला चालता येते त्याला त्या दाराचा काहीच जाच होत नाही. उलट, कडेवर मूल घेतलेली आई, नववा महिना भरत आलेली गर्भवती, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यावर पट्टी असलेले आजोबा, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण आणि स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, अशा सर्वांचीच त्यामुळे सोय होते.

येथे कोणी म्हणेल की, आपल्याकडे माणसे कमी नाहीत. चार जण पुढे येतात आणि खुर्चीसकट रुग्णाला वर उचलून नेतात. हे खरे आहे, आणि त्यामागचा सद्भावही खरा आहे. परंतु ज्याला उचलले जाते त्याच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पिले तर दुसरी बाजू दिसते. चार परक्या हातांनी साडी सावरत वर नेली जाणारी स्त्री पुढच्या वेळी येण्याआधी दहादा विचार करते. दुखणे अंगावर काढते. रक्तदाबाची गोळी संपली तरी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणते. उचलणाऱ्यांना समाधान मिळते आणि उचललेल्याला उपकाराचे ओझे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात आणि त्यांतील काहींचा मृत्यू इतरांच्या तुलनेत वीस वर्षांपर्यंत अगोदर ओढवतो. त्याचे कारण केवळ मूळ व्याधी नव्हे. वेळेवर न झालेली तपासणी, न गाठता आलेला दवाखाना आणि न विचारलेला प्रश्न यांचाही त्यात वाटा आहे.

आता पायरीचा हिशेब. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे एक फूट उंची चढावयास बारा फूट लांबी. जोते अडीच फुटांचे असेल तर रॅम्प तीस फुटांचा हवा. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवता येईल अशी सुमारे पाच फुटांची सपाट जागा, दोन्ही अंगांना कठडे आणि पावसात न घसरणारी फरशी. इमारत उभी राहून रंगरंगोटी झाल्यावर ही तीस फूट जागा शोधू गेल्यास ती मिळत नाही, कारण तोवर तिथे बगीचा झालेला असतो, वाहनतळ झालेला असतो किंवा जनित्राची खोली आलेली असते. मग दोन पायऱ्यांवर सिमेंट लिंपून घसरगुंडीसारखा एक उतार केला जातो. त्यावरून स्कूटर चढते. रुग्ण चढत नाही. नकाशाच्या कागदावर हीच तीस फूट जागा पेन्सिलच्या एका रेघेत सुटली असती. या विषयातील बहुतेक खर्च हा उशिराचा खर्च असतो, विषयाचा नव्हे.

दारातून आत आल्यावर अडचणी संपत नाहीत, त्या केवळ लहान होतात आणि म्हणूनच नजरेआड राहतात. तपासणीचे टेबल घ्यावे. ते कंबरेइतके उंच असते, कारण ते डॉक्टरांच्या सोयीने बनवलेले असते. त्यावर चढण्यासाठी खाली एक डगमगते लोखंडी स्टूल असते. ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे अशा आजींना त्या स्टुलावर उभे राहण्याची भीती वाटते, म्हणून त्यांची पोटाची तपासणी खुर्चीत बसल्या बसल्या, म्हणजे अर्धीमुर्धी, उरकली जाते. खुर्चीतल्या रुग्णाचे वजन तर वर्षानुवर्षे घेतलेच जात नाही. अंदाजाने लिहिले जाते आणि त्या अंदाजावर औषधाची मात्रा ठरते. अमेरिकेच्या अॅक्सेस बोर्डाने २०२४ मध्ये तपासणीच्या टेबलासाठी असे प्रमाण ठरवले की ते जमिनीपासून सतरा इंचांपर्यंत खाली आणता आले पाहिजे, म्हणजे खुर्चीतून त्यावर सरकता येईल. सतरा इंच ही काही अद्भुत उंची नव्हे. घरातल्या पलंगाच्या आसपासचीच ती आहे.

शौचालयाचा विषय सभेत निघत नाही, परंतु रुग्णाला तो सर्वांत आधी सुचतो. बैठ्या पद्धतीचे शौचालय गुडघेदुखीच्या रुग्णास निरुपयोगी असते, तर केवळ कमोड असले की खेड्यातून आलेल्या अनेकांची कुचंबणा होते. म्हणून दोन्ही असावीत आणि भिंतीला भक्कम आधारदांडा असावा, एवढे बहुतेकांना पटते. पण दार कोणत्या दिशेने उघडते, याकडे क्वचितच लक्ष जाते. आत उघडणाऱ्या दाराआड रुग्ण चक्कर येऊन पडला, तर त्याचेच शरीर दाराला अडसर बनते आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. दार बाहेर उघडणारे करण्यास सुताराचा अर्धा दिवस लागतो.

याहूनही उद्बोधक आहे ती नळाची गोष्ट. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या हात धुण्याच्या जागी लांब दांड्याचा नळ असतो. शल्यचिकित्सकाने धुतलेल्या हातांनी पुन्हा नळाला स्पर्श करू नये, कोपराने तो बंद करावा, यासाठी ती योजना. ज्याची बोटे मिटत नाहीत अशा संधिवाताच्या रुग्णाला, किंवा कुष्ठरोगातून बरे झालेल्या पण बोटांतील संवेदना गमावलेल्या माणसाला, अगदी हाच नळ हवा असतो. तो त्याच इमारतीत, दोन भिंतींपलीकडे, कित्येक वर्षांपासून बसवलेला असतो. मात्र रुग्णांच्या बेसिनला गोल, घट्ट, पिळावी लागणारी तोटी असते. म्हणजे ज्ञानाचा अभाव नाही, पैशाचाही नाही. ते ज्ञान कोणासाठी वापरावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांची अडचण आणखी निराळी. बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारले जाते, ते त्यांना ऐकू जात नाही. तीन तास बसून त्यांचा क्रमांक निघून गेलेला असतो. क्रमांक दाखवणारा एक दिव्यांचा फलक असला तर हे टळते, आणि गोंगाटात ज्यांना नीट ऐकू येत नाही अशा साऱ्या वृद्धांचीही त्याने सोय होते. डॉक्टरांच्या खोलीत मग सोबतच्या नातेवाइकाशीच सारे बोलणे होते. कर्णबधिर सुनेच्या पोटातल्या दुखण्याविषयी सासू उत्तरे देते. जे सासूसमोर सांगण्यासारखे नसते ते न सांगितलेलेच राहते. २०२० च्या महासाथीत मुखपट्ट्या आल्या आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्यांचा तो एकमेव आधारही गेला. कागद-पेन्सिल, चित्रांचा तक्ता, आठवड्यातून एक दिवस तरी सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

औषधाच्या खिडकीवरचा प्रसंग तर सर्वांच्या पाहण्यातला आहे. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार कापून दिल्या जातात. नाव आणि मुदतीची तारीख नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. ज्याला दृष्टी नाही त्याचे सोडा. ज्याला चष्मा आहे त्यालाही मग घरी गेल्यावर गुलाबी गोळी कशाची आणि पांढरी कशाची, हे कळत नाही. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशानुसार औषधाच्या बाह्य वेष्टनावर त्याचे नाव ब्रेल लिपीत असणे बंधनकारक केले. येथे निदान जाड अक्षरांत नाव लिहिलेले पाकीट आणि त्यावर सूर्य व चंद्र यांच्या आकृती, एवढे तरी कोणत्याही दवाखान्यास शक्य आहे. चूक माणसाकडून होणारच हे गृहीत धरून ती होऊ न देणारी रचना करावी, असे सातांपैकी एक तत्त्व सांगते. वैद्यकशास्त्राला ते नवे नाही. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसूच शकत नाही, कारण दोहोंच्या जोडणीतील खिळ्यांच्या जागा वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. डॉक्टरांच्या हातून चूक होऊ नये म्हणून जी काळजी घेतली जाते, ती रुग्णाच्या हातून चूक होऊ नये म्हणूनही घेता येईल.

फलकांविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. देणगीदारांची नावे कोरलेला संगमरवरी शिलालेख प्रवेशदारी, डोळ्यांच्या उंचीवर, ठसठशीत अक्षरांत असतो, आणि तो असावा. परंतु ‘तातडीचा विभाग’ कोठे आहे हे सांगणारी पाटी त्याहून लहान असू नये. ‘क्ष-किरण’ असे लिहिलेल्या खोलीसमोर उभे राहून एक्स-रेची खोली विचारणारे रुग्ण रोज भेटतात. पाटीवर शब्द लोकांच्या तोंडचा असावा, शेजारी चित्र असावे आणि जमिनीवर रंगाची रेघ असावी. ज्याला वाचता येत नाही तो त्या रेघेवरून चालत प्रयोगशाळेपर्यंत विनासायास पोहोचतो.

श्रोतेहो, हा सारा विचार परदेशातून आला असा समज होण्याची शक्यता आहे. तो दूर करण्यासाठी जयपूरकडे पाहावे. सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी मिळून जो कृत्रिम पाय घडवला, त्याचे मर्म त्याच्या रबरात नसून त्यामागच्या निरीक्षणात आहे. तोवर मिळणारा पाश्चात्त्य पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. येथील माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात उतरून नांगर धरतो, देवळाबाहेर पायतण काढतो. या जीवनक्रमास तो पाय निरुपयोगी ठरे आणि कोपऱ्यात पडून राही. शर्मा आणि सेठी यांनी माणसाला पायाप्रमाणे बदलण्याऐवजी पायाला माणसाप्रमाणे बदलले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे औपचारिक शिक्षण फारच थोडे झालेले होते, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. उत्तम रचनेस पदवीपेक्षा नजर लागते.

१९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय लाखो लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचवला. तिच्या कामातील एक बारकावा धर्मादाय संस्थांनी अभ्यासण्यासारखा आहे. लांबून आलेल्या रुग्णास तेथे कोणत्याही वेळी दाखल करून घेतले जाते, त्याच्या व सोबत्याच्या राहण्याजेवणाची सोय होते, आणि पाय शक्यतो एका दिवसात बसवून दिला जातो. ‘पुढच्या मंगळवारी या’ असे सांगितले की मोलमजुरी करणाऱ्याचे आणखी दोन रोज बुडतात आणि एस.टी.चे भाडे दुप्पट होते. म्हणजे रचना केवळ भिंतींची नसते, वेळापत्रकाचीही असते.

मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. तरुणपणीच संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली. त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे आपल्या हातांना जुळतील अशी करून घेतली, नेत्रशल्यचिकित्सा शिकली, एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. उपकरणाची मूठ बदलली नसती तर एक डॉक्टर गमावला असता, आणि त्याच्याबरोबर ती लाखभर माणसांची दृष्टीही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजारांची. १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. त्याचे २५ वे कलम शासकीयच नव्हे तर खासगी रुग्णालयांच्याही सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश आणि दिव्यांगांना उपचारांत अग्रक्रम यांविषयी आहे. विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ मध्ये आले आणि मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ च्या आणखी एका निर्णयात संगणकीय सेवांपर्यंतची पोच हा जीवनाच्या अधिकाराचाच भाग मानला गेला. भ्रमणध्वनीवरील अॅपमधूनच वेळ देणाऱ्या रुग्णालयांनी तो वाचावयास हवा.

धर्मादाय रुग्णालयांना आणखी एक कायदा परिचित आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना यांनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. या खाटांचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. पण निर्धन असणे आणि दिव्यांग असणे या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच घरात नांदतात. खाट राखीव, विनामूल्य, स्वच्छ चादर घातलेली, आणि तिच्यावर ज्याचा हक्क तो जोत्याखाली उभा, असे चित्र असेल तर कायदा पाळला गेला एवढेच म्हणता येईल. जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी दानाची चार रूपे सांगितली. औषधदान कोठे पूर्ण होते, खिडकीवर की रुग्णाच्या तळहातावर, हे विश्वस्तांनी ठरवावयाचे आहे.

जुन्या इमारतींचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. सर्व काही पाडून बांधावे असे कोणी म्हणत नाही. पहिले काम पाहणीचे. चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, असे चौघे, आणि त्यांच्या मागे केवळ वही घेऊन एक विश्वस्त व एक अभियंता, अशी मंडळी फाटकापासून निघावी. केस पेपर, डॉक्टर, रक्त-लघवी, एक्स-रे, औषधे, शौचालय आणि पुन्हा फाटक, असा रुग्णाचाच फेरा त्यांनी करावा. चौघे जेथे जेथे थांबतील ते ते टिपून घ्यावे. दरवाजा तीन फुटांचा आहे की कमी, हे टेपने मोजावे. कोणी मध्ये पडून मदत करू नये. त्या वहीतील निम्मी कामे सुतार, रंगारी आणि गवंडी यांच्या एका आठवड्यात होण्याजोगी निघतात. विश्वस्तांपैकी एकाने स्वतः खुर्चीत बसून हा फेरा केला तर उरलेल्या निम्म्या कामांसाठी सभेत फारशी चर्चा करावी लागत नाही.

मात्र ही पाहणी सोमवारी सकाळी दहा वाजता करावी. रविवारी करू नये. रविवारी रॅम्पवर दुचाकी लावलेल्या नसतात.